कोणते दादासाहेब?

नाशिकमध्ये नुसतं ‘दादासाहेब’ म्हणून भागत नाही, आडनाव सांगावंच लागतं. मुंबई-आग्रा रस्त्यावर पांडवलेण्यांच्या पायथ्याशी महापालिकेनं उभारलेलं स्मारक दादासाहेब फाळक्यांचं. भाभानगरातलं सभागृह दादासाहेब गायकवाडांच्या नावाचं. तिकडे पेठला आदिवासी मुलं ज्या महाविद्यालयात शिकतात, त्याला नाव दादासाहेब बिडकरांचं. आणि ज्या घरांत वर्षानुवर्षं सकाळी ‘गावकरी’ यायचा, त्या घरांतल्या जुन्या माणसांना दादासाहेब म्हटलं की पोतनीस आठवतात. सिनेमा, समतेचा लढा, आदिवासींचं शिक्षण आणि वृत्तपत्र. एकाच जिल्ह्यात चार क्षेत्रांतली चार मोठी माणसं एकाच नावानं ओळखली गेली.

कसारा घाट उतरलं की मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही. मुंबईत, दिल्लीत, चेन्नईत दादासाहेब एकच, ते म्हणजे फाळके. १९६९पासून केंद्र सरकार त्यांच्या नावानं चित्रपटसृष्टीतला सर्वोच्च पुरस्कार देतं. पहिला मान देविकाराणींचा. पुढे दुर्गा खोटे, व्ही. शांताराम, लता मंगेशकर, भालजी पेंढारकर, आशा भोसले यांच्यापर्यंत तो पोचला. दर वर्षी पुरस्कार जाहीर होतो, नाव दूरदर्शनवर उच्चारलं जातं आणि देशाच्या कानावर ते पुन्हा एकदा पडतं. फाळक्यांना मिळालेल्या या मानाबद्दल कुणाही मराठी माणसाला आनंदच वाटेल, मलाही वाटतो. पण या एका नावाच्या प्रकाशात दुसरे दादासाहेब झाकले गेले, आणि ते झाकले जाणं मला मनापासून खटकतं. कारण नाशिकची गेल्या शतकातली गोष्ट या दोघांना शेजारी बसवल्याशिवाय पुरी होत नाही.

आधी खरी नावं सांगतो. फाळक्यांचं पाळण्यातलं नाव धुंडिराज. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. गायकवाडांचं नाव भाऊराव. भाऊराव कृष्णाजी गायकवाड, जन्म १५ ऑक्टोबर १९०२, दिंडोरी तालुक्यातलं आंबे. दोघांच्या वयात बत्तीस वर्षांचं अंतर. एकाचा जन्म संस्कृत पंडिताच्या घरात, दुसऱ्याचा गावकुसाबाहेरच्या घरात. एकाला ‘दादासाहेब’ म्हणणारी माणसं त्याच्या कंपनीतले नट आणि कारागीर, दुसऱ्याला म्हणणारी माणसं सत्याग्रहाच्या मांडवातले भूमिहीन शेतमजूर. सरकारनं दिलेली ही पदवी नव्हे. वडीलकी ज्यानं खरोखर निभावली, त्याला लोकांनी मारलेली ही हाक आहे.

०००

फाळक्यांची गोष्ट महाराष्ट्राला तोंडपाठ आहे, म्हणून थोडक्यात. जे. जे. कलाशाळा, बडोद्याचं कलाभवन, गोध्र्याला छायाचित्रकाराचा धंदा, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, मग छापखाना. चाळिशीत हा सगळा संसार बाजूला ठेवून हा माणूस ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट बघून झपाटला, १९१२मध्ये लंडनला गेला, कॅमेरा घेऊन परतला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे ठेवला. इथवर सर्वांना माहीत असतं. नाशिकचा भाग मात्र या गोष्टीत दोन ओळींत उरकला जातो.

‘हरिश्चंद्र’ यशस्वी झाल्याबरोबर फाळके मुंबई सोडून नाशिकला आले. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, ‘लंकादहन’ हे सगळं त्यानंतरचं. १९१८मध्ये मुंबईच्या भागीदारांबरोबर हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, तिचंही ठाणं नाशिकच. कंपनी म्हणजे एक मोठं कुटुंबच होतं. नट, सुतार, रंगारी, छायाचित्रणाची माणसं एकत्र राहायची आणि एकत्र जेवायची. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई या सगळ्यांचा स्वयंपाक बघत आणि रात्री अंधारात बसून कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडत, कारण त्या वेळी फिल्म भोकं न पाडलेलीच मिळायची. ती भोकं एकसारखी नसती, तर कॅमेऱ्यात फिल्म सरकली नसती आणि पडद्यावर चित्र थरथरलं असतं. दागिने गहाण पडले तेही त्यांचेच. आपल्याकडे चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञांची यादी कधी झाली, तर तिच्यात सरस्वतीबाईंचं नाव अगदी वर असायला हवं.

‘कालियामर्दन’ हा १९१९चा चित्रपट सुदैवानं आजही बघायला मिळतो. त्यात कृष्ण झालेली मुलगी म्हणजे फाळक्यांची मंदाकिनी. चित्रपट सुरू होतो तो तिच्या चेहऱ्यावर. कॅमेरा जवळ आहे, मुलगी एकामागून एक भाव दाखवते आहे: हसू, राग, भीती, खोडकरपणा. मग तोच चेहरा बघता बघता कृष्ण होतो. म्हणजे बापानं प्रेक्षकांना आधी आपली लेक दाखवली आणि मग देव दाखवला. पडद्यावरचा देव हा मुळात कुणाचं तरी लेकरू आहे, हे त्यांनी लपवलं नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यानं टिपलेली ती काही सेकंदं बघताना मला फाळके जितके जवळचे वाटतात, तितके कुठल्याही पुतळ्यापाशी वाटत नाहीत.

‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटानं केल्या. राम पडद्यावर आला की प्रेक्षक पायातल्या वहाणा काढून ठेवत, असं त्या काळातली माणसं सांगत. इथे नाशिकचा संबंध लक्षात घ्यायला हवा. पंचवटी ही रामाची वस्ती. सीतागुंफा, तपोवन, रामकुंड अशी रामायणातली नावं या गावाच्या पत्त्यांत आहेत. रामाच्या गावात बसून फाळक्यांनी राम पडद्यावर आणला आणि तो बैलगाडीच्या रस्त्यांवरून खेड्यापाड्यांत, तंबूतंबूत नेला. पडद्यावरच्या रामाला गाभारा नव्हता आणि दरवाजाही नव्हता.

दरवाजा होता तो पंचवटीतल्या रामाला.

०००

काळाराम मंदिर पेशवाईच्या उत्तरार्धात सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलं. काळ्या पाषाणाचं, भोवती उंच तट, आत फरसबंद मोठं प्रांगण, चहूबाजूंना ओवऱ्या. तटाला चार दिशांना चार दरवाजे. त्या दरवाजांचा हिशेब १९३०मध्ये फार महत्त्वाचा ठरला.

२ मार्च १९३० रोजी अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकमध्ये सत्याग्रहींची मिरवणूक निघाली. सुमारे पंधरा हजार माणसं होती. मंदिराचे दरवाजे बंद केले गेले. दुसऱ्या दिवशी पहिली तुकडी बसली, एकशे पंचवीस पुरुष आणि पंचवीस स्त्रिया. चार दरवाजांवर वाटून बसले आणि दरवाजा उघडण्याची वाट बघू लागले. तुकडी उठली की दुसरी येई. या सत्याग्रह समितीचे चिटणीस होते सत्तावीस वर्षांचे भाऊराव गायकवाड.

सत्याग्रह म्हटला की आपल्याला नेता आठवतो, भाषण आठवतं, मिरवणूक आठवते. पण दरवाजापुढे महिनोन्महिने माणसं बसवायची म्हणजे काय करावं लागतं, याचा विचार आपण करत नाही. खेड्यांतून येणाऱ्यांची शिदोरी संपली की त्यांच्या जेवणाची सोय. गावात मागे राहिलेल्या बायकापोरांवर बहिष्कार पडला, तर त्यांची विचारपूस. पकडले गेलेल्यांसाठी वकील, जखमींसाठी डॉक्टर, पैशाचा हिशेब, उद्याच्या तुकडीची नावं. बाबासाहेब तर गोलमेज परिषदेसाठी लंडनला, कामांसाठी मुंबईला. नाशिकचा मांडव पडू न देणं हे भाऊरावांचं काम होतं, आणि ते त्यांनी केलं.

त्या वर्षी रामनवमीच्या सुमारास, ९ एप्रिलला, रथ ओढण्यावरून समेट ठरला होता. दोन्ही बाजूंच्या माणसांनी रथाला हात लावायचा. प्रत्यक्षात रथ पळवून नेण्यात आला आणि सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला. रामाच्या उत्सवाच्या दिवशी रामाच्या गावातल्या रस्त्यावर माणसांची डोकी फुटली. तरीही सत्याग्रह थांबला नाही, तो १९३५पर्यंत या ना त्या रूपात चालू राहिला. ३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी गायकवाडांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. मंदिरप्रवेशाची चळवळ तहकूब करून भागणार नाही, ती बंदच करावी आणि सगळी ताकद राजकारण आणि शिक्षणाकडे वळवावी, असा त्यातला सल्ला. चळवळीची दिशा बदलण्याइतका मोठा हा निर्णय बाबासाहेबांनी ज्याला पत्रानं कळवला, तो माणूस त्यांच्या किती विश्वासातला असेल! बाबासाहेब पत्रांत त्यांना भाऊराव असंच संबोधत. गायकवाडांनी ती पत्रं जिवापाड जपून ठेवली. पुढे ती छापून आली, म्हणून आज अभ्यासकांना त्या काळातले बाबासाहेब इतक्या जवळून भेटतात. हेही गायकवाडांचं आपल्यावरचं एक ऋणच.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला परिषद भरली, तीही नाशिक जिल्ह्यातच. हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही ही बाबासाहेबांची घोषणा तिथली. काळारामाचे दरवाजे पाच वर्षांत उघडले नाहीत, त्याचं हे उत्तर होतं.

आता दोन्ही दादासाहेबांना एका ओळीत ठेवून बघा. १९३२मध्ये फाळक्यांचा शेवटचा मूकपट आला, ‘सेतुबंधन’. विषय रामाचा, वानरांनी बांधलेल्या सेतूचा. त्याच वर्षी गायकवाडांची माणसं पंचवटीत रामाच्या दारात बसलेली होती. एका दादासाहेबांनी रामाला देवळाबाहेर आणलं, दुसऱ्या दादासाहेबांनी देवळाबाहेरच्या माणसाला रामापर्यंत नेण्यासाठी हाडाची काडं केली. हे दोघं एकमेकांना भेटले का, काही बोलले का, हा भाग मी सोडून देतो. एवढं खरं की एकाच गावात, एकाच नावानं, एकाच देवाभोवती ही दोन कामं चालली होती.

०००

या दोन दादासाहेबांना जोडणारा एक तिसरा माणूस नाशिकमध्ये होता, आणि त्याच्या नावाची हकिकत तर आणखी विलक्षण आहे.

१९३२मध्ये काळारामाच्या सत्याग्रहात एक वीस वर्षांचा तरुण सामील झाला. जातीनं त्याला देवळाचा दरवाजा बंद नव्हता. ज्यांना बंद होता, त्यांच्या बाजूनं तो उभा राहिला. हाच तरुण पुढे नाशिकच्या गोदावरी सिनेटोनमध्ये गेला, ‘सती सुलोचना’ या रामायणातल्या कथेवरच्या चित्रपटाची पटकथा लिहिली आणि त्यात लक्ष्मणाची भूमिकाही केली. म्हणजे गायकवाडांच्या लढ्यातही तो होता आणि फाळक्यांनी नाशिकला लावलेल्या सिनेमाच्या वेडातही होता. राम दोन्हीकडे होता. हा तरुण म्हणजे विष्णू वामन शिरवाडकर. मराठी माणूस त्यांना कुसुमाग्रज म्हणतो, नाशिककर तात्यासाहेब म्हणतात.

शिरवाडकर जन्मानं विष्णू नव्हते. २७ फेब्रुवारी १९१२ला पुण्यात जन्मले ते गजानन रंगनाथ शिरवाडकर. काका वामन शिरवाडकरांनी दत्तक घेतलं आणि गजाननाचा विष्णू वामन झाला. बालपण पिंपळगाव बसवंतला, शाळा-कॉलेज नाशिकला. १९४२मध्ये त्यांचा ‘विशाखा’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्या कविता वाचून भारावलेल्या ज्या ज्येष्ठ लेखकानं तो छापण्याची जबाबदारी स्वतः घेतली, ते वि. स. खांडेकर. तेही विष्णूच, विष्णू सखाराम. आणि तेही जन्मानं विष्णू नव्हते! सांगलीला जन्मले तेव्हा त्यांचं नाव गणेश आत्माराम खांडेकर. तेही दत्तक गेले आणि विष्णू सखाराम झाले. १९७४मध्ये मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं ते खांडेकरांमुळे. दुसरं १९८७चं, शिरवाडकरांमुळे. मराठीचे पहिले दोन्ही ज्ञानपीठ विजेते विष्णू, दोघंही दत्तक गेलेले आणि दोघंही जन्मानं गणपतीच्या नावाचे. योगायोगाला अर्थ चिकटवू नये हे मला मान्य आहे, पण असा योगायोग एखाद्या कादंबरीकारानं रचला असता तर आपण त्याला अतिशयोक्ती म्हटलं असतं. जाता जाता एवढंच सांगतो की धुंडिराज हेही गणपतीचंच नाव.

मराठीत नावाची आद्याक्षरं लिहायची पद्धत आहे, त्यामुळे हा घोळ आणखी वाढतो. ग्रंथालयाच्या सूचीत ‘वि. वा.’ शोधा. वि. वा. शिरवाडकर हे विष्णू वामन. शांकरभाष्याचं मराठीत प्रचंड काम करून ठेवलेले बापटशास्त्री हेही विष्णू वामनच, अगदी वडिलांच्या नावासकट तेच. ‘कादंबरीमय पेशवाई’वाले वि. वा. हडप मात्र विठ्ठल वामन. एकोणिसाव्या शतकात मागे गेलं तर दोन विष्णुशास्त्री भेटतात. विष्णुशास्त्री पंडितांनी विधवांच्या पुनर्विवाहासाठी जन्म वेचला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’तून सुधारकांवर सडकून टीका केली. एकच नाव घेऊन दोघं अगदी समोरासमोरच्या बाजूंना उभे होते.

शिरवाडकरांनी या गर्दीतून स्वतःची सुटका सुंदर रीतीनं केली. धाकट्या बहिणीचं नाव कुसुम. तिचा थोरला भाऊ तो कुसुमाग्रज. पुरुषाच्या नावामागे बापाचं नाव लागणाऱ्या समाजात एका कवीनं आपली ओळख बहिणीच्या नावावर उभी केली, आणि आज त्याचा वाढदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो.

पंचवटीत सत्याग्रहाच्या आधीच आणखी एक विष्णू येऊन राहिले होते, पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. कुरुंदवाडचा मुलगा, लहानपणी फटाक्याच्या अपघातात दृष्टी अधू झालेली, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकलेला. १९०१मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. संस्थानिकांच्या दरबारातलं आणि कोठीवरचं गाणं त्यांनी मध्यमवर्गाच्या घरात नेलं. शाळेसारखे वर्ग, परीक्षा, स्वरलिपी, तिकीट लावून मैफल, हे सगळं त्यांचं. उत्तरायुष्यात पंडितजी नाशिकला आले, रामनाम आधाराश्रम काढला आणि रामनामात रमले. ‘रघुपति राघव’ची जी धून गांधीजींच्या प्रार्थनेमुळे देशाच्या ओठांवर बसली, ती पलुस्करांची. ऑगस्ट १९३१मध्ये मिरजेला ते गेले. त्या वेळी काळारामाचे दरवाजे सत्याग्रहींना बंदच होते. संगीतातही विष्णूंची जोडी आहे. पलुस्कर आणि विष्णु नारायण भातखंडे. दोघांनी गाणं कागदावर आणलं, दोघांच्या स्वरलिपी वेगळ्या, आणि आजही संगीताच्या विद्यार्थ्याला कुठल्या विष्णूच्या पद्धतीनं शिकतोस हे सांगावं लागतं.

तात्या या नावाचंही तेच. येवल्याचे रामचंद्र पांडुरंग, म्हणजे १८५७चे तात्या टोपे. भगूरचे विनायक दामोदर सावरकर, घरातले आणि अनुयायांचे तात्या, तात्याराव. आणि तात्यासाहेब शिरवाडकर. सेनानी, क्रांतिकारक आणि कवी, तिघंही नाशिक जिल्ह्याचे. काळारामाचा सत्याग्रह चालू असताना तात्याराव रत्नागिरीत स्थानबद्ध होते. तिथे भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं, सर्व जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर फेब्रुवारी १९३१मध्ये उघडलं, त्यामागची प्रेरणा त्यांची. नाशिक जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाच्या प्रेरणेनं रत्नागिरीत देऊळ उघडतं आणि नाशिकमध्ये तेव्हा उघडत नाही, ही गोष्ट नाशिककर म्हणवणाऱ्यानं विसरू नये.

०००

बिडकर आणि पोतनीस या दोन दादासाहेबांवर स्वतंत्र लेख व्हायला हवेत. इथे ओळखीपुरतं सांगतो. दादासाहेब बिडकरांनी डांग सेवा मंडळ काढलं. पेठ, सुरगाणा हा डोंगराळ आदिवासी मुलूख, पावसाळ्यात जगापासून तुटणारा. तिथे आश्रमशाळा आणि वसतिगृहं उभी राहिली त्याची सुरुवात या माणसानं केली. गायकवाडांप्रमाणे त्यांनाही लोक कर्मवीर म्हणतात, म्हणजे नाशिकमध्ये कर्मवीर दादासाहेबही दोन आहेत. दादासाहेब पोतनिसांनी ‘गावकरी’ काढला आणि त्याच घरातून ‘अमृत’ हे डायजेस्ट मराठी घराघरांत गेलं. पुण्या-मुंबईबाहेर राहून संबंध महाराष्ट्रानं वाचावं असं मासिक काढता येतं, हे त्यांनी दाखवून दिलं.

सिनेमातही दुसरे दादासाहेब आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी एक वर्ष, मे १९१२मध्ये, रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ लागला होता. ते चालू नाटकाचं चित्रण होतं, कॅमेरा परदेशी माणसानं चालवला आणि फिल्म लंडनला धुतली गेली, म्हणून आद्यत्वाचा मान फाळक्यांकडे राहिला, आणि माझ्या मते तो योग्यच आहे. पण वाद असा की दोन्ही पक्षांचे दादासाहेबच.

मला पुन्हा गायकवाडांकडे यायचं आहे, कारण त्यांचं काम काळारामापाशी संपत नाही आणि आपण त्यांना नेमकं तिथेच थांबवतो. १९३७मध्ये ते मुंबई विधानसभेवर गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते पुढच्या फळीत होते, आणि १९५७मध्ये नाशिकनं त्यांना लोकसभेत पाठवलं. १९६२पासून राज्यसभा. बाबासाहेबांच्या पश्चात ऑक्टोबर १९५७मध्ये रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, त्याची धुरा लवकरच त्यांच्याकडे आली. पक्षात फूट पडली तेव्हा त्यांच्या धोतरावरून आणि शिक्षणावरून त्यांना हिणवलं गेलं. त्यांनी धोतर सोडलं नाही, आणि धोतरातल्या माणसाचा प्रश्नही सोडला नाही. तो प्रश्न जमिनीचा होता.

देवळाचा दरवाजा उघडला तरी खेड्यातल्या महाराच्या, मांगाच्या, आदिवासीच्या नावावर सातबारा नसेल तर तो कुणाच्या तरी बांधावरच उभा राहणार, हे गायकवाडांनी ओळखलं होतं. १९५९मध्ये त्यांनी खानदेश-मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. पडीक आणि सरकारी जमीन कसायला द्या, एवढीच मागणी. मग ६ डिसेंबर १९६४पासून, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी सुरुवात करून, देशव्यापी सत्याग्रह. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींपुढे मागण्यांची सनद ठेवली गेली. भूमिहीनांना जमीन ही त्यातली मुख्य मागणी, आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र लावावं ही आणखी एक. लाखो माणसं तुरुंगात गेली, बायका कडेवर मुलं घेऊन गेल्या. स्वतंत्र भारतात भूमिहीनांनी स्वतःच्या नेत्याच्या मागे उभं राहून केलेला एवढा मोठा सत्याग्रह शालेय पुस्तकांत एका परिच्छेदाचाही धनी नाही. ते तैलचित्र सभागृहात लागलं १९९०मध्ये. गायकवाड २९ डिसेंबर १९७१लाच दिल्लीत गेले होते.

१९६८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावानं महाराष्ट्र शासनाची एक योजनाही आहे, ‘कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना’. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन द्यायची. एका दादासाहेबांच्या नावानं दिल्लीत सुवर्णकमळ दिलं जातं, दुसऱ्या दादासाहेबांच्या नावानं गावात जमीन दिली जाते. पहिल्याची बातमी पहिल्या पानावर येते. दुसऱ्याची फाइल जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात असते आणि विकत घ्यायला जमीन मिळत नाही म्हणून पुष्कळदा तिथेच राहते. गायकवाडांचं खरं स्मारक सभागृहाच्या कमानीवर नाही, ते या योजनेत आहे, आणि ते अर्धवट बांधलेलं आहे. ज्या दिवशी नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक पात्र भूमिहीन कुटुंबाच्या हातात सातबारा पडेल, त्या दिवशी ते पुरं झालं असं म्हणता येईल.

फाळक्यांच्या वाट्यालाही शेवटी फार सुख आलं नाही, हेही सांगायला हवं. भागीदारांशी बिनसलं, काशीला जाऊन राहिले, परत आले. बोलपट आला आणि त्यांचा काळ मागे पडला. १९३७चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट, तोही कोल्हापूरच्या कंपनीसाठी. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा ज्या धंद्याला त्यांनी जन्म दिला होता, तो त्यांना जवळजवळ विसरला होता. पुरस्कार सुरू झाला तो त्यानंतर पंचवीस वर्षांनी. म्हणजे विस्मरण दोघांच्याही वाट्याला आलं. एकाचं देशानं दूर केलं, दुसऱ्याचं दूर करणं अजून आपल्या हातात आहे.

म्हणून दोन विनंत्या. पहिली नाशिकच्या महापालिकेला आणि संस्थांना: चौकांच्या, रस्त्यांच्या, सभागृहांच्या पाट्यांवर नुसती उपाधी आणि आडनाव लिहू नका. धुंडिराज गोविंद फाळके, भाऊराव कृष्णाजी गायकवाड असं पूर्ण नाव लिहा, खाली जन्म-मृत्यूची वर्षं आणि कामाची एक ओळ द्या. दुसरी तुम्हा वाचकांना: या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन नाशिकला येणार असाल, तर पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक जरूर दाखवा. त्याच दिवशी पंचवटीत जाऊन काळारामाचे चारही दरवाजे बाहेरून फिरून दाखवा आणि तिथे १९३०मध्ये कोण बसले होते, ते त्यांना सांगा.